बारा शुक्रवारांचं व्रत

श्रावणातल्या कहाण्यांत वसा घेतलेली बाई हातात मोती घेऊन, कहाणी ऐकायला कुणी मिळतं का म्हणून गावभर फिरते. पोटात अन्न नाही याचं तिला दुःख नसतं, ऐकणारा मिळत नाही याचं असतं. चालू जपानी ॲनिमे मालिका दर आठवड्याला पाहणारा माणूस नेमका याच बाईच्या वंशातला. मोत्यांच्या जागी मोबाइल आला एवढाच फरक. एपिसोड संपल्यावर त्याच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “पाहिलास का?” समोरच्याने ‘नाही’ म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो, की सुतकाची बातमी त्याला आपणच दिली असं वाटावं.

त्याचा आठवडा आपल्या आठवड्यासारखा दिसतो, पण तसा चालत नाही. जपानमध्ये नव्या मालिका वर्षातून चारदा येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. एकेका हंगामात साधारण बारा-तेरा भाग. सोळा सोमवार करणाऱ्यांच्या घरात हा हिशेब परका वाटू नये. प्रत्येक मालिकेचा वार ठरलेला, वेळ बहुतेकदा मध्यरात्रीनंतरची. शुक्रवारच्या रात्री दीडला लागणाऱ्या मालिकेची वेळ जपानी वाहिन्या चक्क 25:30 अशी छापतात. म्हणजे घड्याळात शनिवार उजाडला तरी शुक्रवार संपू द्यायचा नाही. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्याला यात काही नवल वाटणार नाही. भारतीय घड्याळ जपानच्या साडेतीन तास मागे असल्याने तिकडचा भक्त जागरण करत असतो तेव्हा पुण्या-नाशिकचा भक्त रात्री दहाला जेवून हात धूत असतो. पुण्य दोघांना सारखंच. मात्र सबटायटलं अर्धा तास उशिरा आली, तर इकडचा भक्त तो आपल्या जन्मस्थानाचाच दोष समजतो.

व्रताच्या पायऱ्याही ठरलेल्या. पहिल्या भागानंतर तो दशकातली सर्वोत्तम मालिका सापडल्याचं जाहीर करतो. हे तो वर्षातून चारदा करतो, त्यामुळे त्याच्याकडे दशकं भराभर संपतात. दुसऱ्या भागानंतर ‘जरा संथ आहे’. तिसरा भाग म्हणजे निकाल, मालिका ठेवायची की सोडायची. तीन भागांचा हा नियम जपानातही पाळतात आणि 2011 च्या ‘मादोका माजिका’ने त्याला चांगलंच बळ दिलं, कारण जादूगार मुलींची ही गोड रंगांची मालिका आपलं खरं रूप तिसऱ्या भागाच्या शेवटीच दाखवते. काय होतं ते इथे लिहीत नाही. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या पंथात ते पाप आहे. मध्येच कधी जुन्या दृश्यांची गोळाबेरीज करणारा भाग आला, की स्टुडिओतले चित्रकार झोपेवाचून काम करताहेत हे तो ताडतो, त्यांच्यासाठी हळहळतो आणि पुढच्या आठवड्यात घोड्याचा पाय वाकडा दिसला म्हणून त्याच चित्रकारांना धारेवर धरतो. अकराव्या भागाला रडतो. बाराव्याला एवढंच विचारतो, “दुसरा सीझन कधी?” उद्यापनाचं ताट उचललं जाण्याआधीच पुढच्या व्रताचा संकल्प.

या मंडळीत एक पोटजात आहे, मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आधीच वाचून बसलेल्यांची. हा माणूस लग्नघरातल्या त्या मावशीसारखा असतो, जिला सगळं आधीपासून ठाऊक असतं आणि जी काहीच सांगत नाही, पण न सांगण्याचा आवाज घरभर ऐकू येतो. “मी काही बोलत नाही. फक्त सातव्या भागाला रुमाल जवळ ठेव.” झालं, आता सहा आठवडे त्या गरीब श्रोत्याने प्रत्येक पात्राकडे आज मरतंय की उद्या, अशा नजरेने बघायचं. तरीही हा मावशीपंथीय दर आठवड्याला हजर असतो, कथेतली एकही गोष्ट त्याला नवी नसताना. इथेच त्याच्याविषयीचं प्रचलित मत कोलमडतं. हा माणूस चंचल आहे, उतावळा आहे, ‘पुढे काय’ या खाजेने पछाडलेला आहे आणि म्हणून एवढी बडबड करतो, असं लोक समजतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तो हुंकार भरत असतो. कहाणी सांगणाऱ्याला पुढे जायला ‘हुं’ लागतो, तसा हा जमावाने भरायचा ‘हुं’ आहे, आणि एपिसोड हे त्याचं निमित्त.

पुरावा जपानातच आहे. दिग्दर्शक मियाझाकींचा ‘लापुता’ हा 1986 चा ॲनिमे चित्रपट तिथल्या टीव्हीवर वारंवार लागतो. शेवटी नायक-नायिका विनाशाचा मंत्र उच्चारतात, ‘बारुसु’. तो कधी येणार, कोण म्हणणार, मग काय कोसळणार, हे पाहणाऱ्यांना पाठ असतं. 2 ऑगस्ट 2013 च्या रात्री तो क्षण आला तेव्हा ट्विटरवर एका सेकंदात 1,43,199 ट्वीट पडले आणि तोवरचा विक्रम मोडला. हा चित्रपट आहे, चालू मालिका नव्हे, हे मान्य. पण वृत्ती तीच आणि इथे तर ती उत्सुकतेच्या भेसळीशिवाय, शुद्ध स्वरूपात सापडते. सत्तावीस वर्षं जुनी गोष्ट ऐकताना लाखभर माणसं एकाच सेकंदाला ‘हुं’ म्हणाली. डिसेंबर 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘निकोनिको’ या जपानी व्हिडिओ-संकेतस्थळावर तर प्रेक्षकांचे शेरे चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जातात आणि ऐन रंगाच्या प्रसंगी एवढे दाटतात की खालचं चित्र दिसेनासं होतं. चित्र पाहायला आलेला माणूस अशाने वैतागून उठून गेला असता. हे लोक त्यासाठीच येतात.

दुसरा पुरावा रागाचा आहे आणि तो मला जास्त पटतो. 2009 च्या उन्हाळ्यात ‘हारुही सुझुमिया’ या लाडक्या मालिकेत सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडत राहतात अशी कथा आली आणि निर्मात्यांनी ती जवळजवळ तशीच्या तशी लागोपाठ आठ आठवडे दाखवली. तीच पोहण्याची सहल, तोच उत्सव आणि आठवा भाग सोडला तर तोच शेवट. कहर म्हणजे दर आठवड्याचा भाग नव्याने काढलेला, संवाद नव्याने बोललेले, कपडे वेगळे. चाहते खवळले, अजूनही आठवण निघाली की खवळतात. पण नुसती कथाच हवी होती, तर तिसऱ्या आठवड्याला उठून जायला कुणी अडवलं होतं? ते आठही आठवडे बसले, आठही वेळा ओरडले, आणि ओरडता ओरडता कोणत्या भागात कोणता कपडा होता याच्या तुलना करत राहिले. कथेतल्या पात्रांच्या वाट्याला त्या दोन आठवड्यांचे 15,532 फेरे आले होते. आपली आठातच सुटका झाली याबद्दल मात्र कुणी आभार मानल्याचं दिसत नाही. तसाच तो कोबी. 2006 च्या एका प्रेममालिकेच्या तिसऱ्या भागात चिरायला घेतलेला कोबी इतका वाईट काढला होता की तो हिरवा चेंडूच वाटावा. एवढी बोंब झाली की डीव्हीडीत तो कोबी नव्याने काढावा लागला, आणि तेव्हापासून ॲनिमेतल्या स्वयंपाकघरात कोबी दिसला की हा माणूस पुढे सरसावून त्याची पानं मोजतो. आपल्या मंडईतही कोबी इतका निरखून कुणी घेत नाही. निष्काळजी प्रेक्षकाला कोबी दिसत नसतो. तो दिसायला प्रेमच लागतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. सगळे भाग येऊ द्यावेत आणि एका रात्रीत पाहून मोकळं व्हावं, हा कसला आठवडा-आठवडा छळ? सोळा सोमवार एकाच सोमवारी उरकणाऱ्याला जे फळ मिळेल तेच याला मिळेल. एका रात्रीत बारा भाग पाहिलेला माणूस सकाळी ‘छान होतं’ म्हणतो, आणि त्याच्याकडे त्यापलीकडे बोलायला काही नसतं, कारण शंका घ्यायला, तर्क चुकायला, चुकलेला तर्क गुपचूप पुसून टाकायला त्याला सवडच मिळालेली नसते. आपल्या ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ही ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली होती. तिच्या वाचकाला कुणी उतावळा म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा, की हे व्रत म्हणजे धंदा आहे. मध्यरात्रीच्या त्या वेळा बहुतेकदा निर्मात्यांची समितीच पैसे भरून घेते, डिस्क, पुस्तकं आणि बाहुल्या विकल्या जाव्यात म्हणून. खरं आहे. पण पेढेवाल्याचा गल्ला भरतो म्हणून देवळासमोरची रांग खोटी ठरत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान खाली घालावी लागते. हुंकाराची धमकी व्हायला वेळ लागत नाही. ‘इव्हांगेलियन’ ही मालिका ऑक्टोबर 1995 ते मार्च 1996 चालली. शेवटच्या दोन भागांत अपेक्षित युद्धाऐवजी नायकाच्या मनाची उलटतपासणी झाली आणि सगळ्या पात्रांनी टाळ्या वाजवून त्याचं अभिनंदन केलं. चाहत्यांचा एवढा संताप झाला की दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांच्याविरुद्ध लिहिल्या जाणाऱ्या द्वेषाच्या आणि धमक्यांच्या मजकुराला धरबंद उरला नाही. 1997 च्या चित्रपटात आन्नोंनी वेगळा शेवट दिला खरा, पण त्यात मध्येच द्वेषाचा तो मजकूर पडद्यावर झळकवला आणि खुर्च्यांत बसलेले प्रेक्षकही दाखवले. सांगणारा कहाणी मध्येच थांबवून ऐकणाऱ्याकडे रोखून पाहतो, तसं. धमकी देणाऱ्याची बाजू इथे कुणी घेऊ नये. तो मोती हातात घेऊन आलेला नसतो, दगड घेऊन आलेला असतो. पण शंभरातले बहुसंख्य कोबीवरच भांडतात, आणि त्यांना या दगडवाल्याच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं आहे.

तेव्हा तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याला शुक्रवारी रात्री दहा ते साडेदहा हाक मारू नका. सबटायटलं उशिरा आली तर अकरापर्यंत नको. त्यानंतर तो स्वतःच खोलीबाहेर येईल आणि विचारील, “पाहिलास का?” पाहिलं नसलं तरी चालेल. समोर बसा, आणि मधूनमधून ‘हुं’ म्हणा.