चिंगी यांची हरकत

पुण्यात मजकुरापेक्षा त्याखालच्या टिपांचा थाट मोठा. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिची कित्येक पानं अशी, की वर मोजके श्लोक आणि खाली पाठभेदांची दाटी. वाचनालयाच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने ‘साफ चूक!’ लिहून पसार होणारे अनामवीर याच परंपरेतले. मीही.

त्यामुळे सोसायटीच्या पुनर्विकास कराराचा मसुदा आला तेव्हा हात शिवशिवले. “काका, पीडीएफमध्येच कमेंट टाका,” सेक्रेटरी म्हणाला.

हायलायटर एका पानावर उमटे, दुसऱ्यावर ढिम्म. “बाबा, हे पान स्कॅन केलंय. फोटो आहे तो, त्यात अक्षरंच नाहीत,” लेक म्हणाली. मला तर ढळढळीत दिसत होती! मग सभेचा जुना मराठी ठराव कॉपी करून चिकटवला. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. ‘वाहनतळ’च्या जागी गारुड्याचा मंत्र उमटला.

शेवटी भिस्त पिवळ्या चिठ्ठ्यांवर. टिचकी मारली की चौकट उघडते, लिहा हवं तेवढं. पेन्सिलीला निदान समास तरी आवरतो. कलम ७९ (अ) पासून पार्किंगपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला, अध्यक्षांच्या व्याकरणाचाही. ‘सभासद भोळे असतील, मी नाही’ हे वाक्य तर इतकं जमलं, की तीन ठिकाणी वापरलं. संग्रही असावी म्हणून अप्पा बळवंत चौकात प्रत छापायला गेलो, तर कागदावर नुसते पिवळे ठिपके. “टीप पानात नसते, पानावर ठेवलेली असते. आधी वेगळी काढा, मग छापू,” दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाला.

सभेत तो मसुदा प्रोजेक्टरवर लागला. पेन्सिल नाव सांगत नाही; हे सॉफ्टवेअर प्रत्येक टिपेवर नाव आणि वेळ छापतं, आणि नाव घेतं कॉम्प्युटरच्या लॉगिनमधून. लॅपटॉप लेकीचा. शाळेत असताना तिनेच नाव घातलेलं.

“चिंगी, रात्री दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं,” अध्यक्ष चष्मा सावरत वाचू लागले, “‘सभासद भोळे असतील, मी नाही.’ कोण या चिंगी?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

“कोणी का असेना, बाईंना कायदा कळतो,” बिल्डरचे वकील म्हणाले. इतिवृत्तात नोंद झाली: श्रीमती चिंगी यांच्या सर्व हरकती मान्य; व्याकरणाची वगळून.