मेटलवाला

आमच्या सोसायटीतलं सर्वांत शांत बिऱ्हाड कोणतं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या मेटलवाल्याचं. कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर त्या घरातून आवाज म्हणून बाहेर येत नाही. गणपतीत स्पीकर नाही, थर्टी फर्स्टला गच्चीत धांगडधिंगा नाही, रिमोटवरून नवरा-बायकोचं भांडण नाही. संध्याकाळी हा गृहस्थ कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बाल्कनीत उभा राहतो आणि त्याची मान तेवढी खालीवर होत असते. समोरच्या बिल्डिंगमध्ये नव्याने आलेल्या एका आजींना वाटलं, पोरगा ओळख देतोय. त्याही बिचाऱ्या रोज संध्याकाळी बाल्कनीत येऊन मान डोलवायच्या.

नाव सांगत नाही. नवीन पनवेलात सिडकोच्या दर दोन-तीन सेक्टरांमागे असा एक निघतोच. वय चाळिशीला टेकलेलं. एके काळी खांद्यावर रुळणाऱ्या केसांनी कपाळाकडून माघार घेऊन मानेवर मुक्काम ठोकलेला. कपड्यांचा रंग काळा, मग तो पनवेलचा मे महिना का असेना. टी-शर्टावर बँडचं नाव असतं, पण ते वाचता येत नाही. पिंपळाच्या मुळ्या भिंतीतून बाहेर याव्यात तशी अक्षरं. मी एकदा चष्मा पुसून जवळ जाऊन पाहिलं.

"काका, नका त्रास घेऊ," तो म्हणाला. "ज्याचं नाव वाचता येतं तो बँड विकला गेला असं समजायचं."

नोकरी कळंबोलीच्या स्टील मार्केटात. एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात पत्रा, अँगल, चॅनल यांची बिलं करायची. या नोकरीत प्रमोशन नाही, पण तो ती सोडायला तयार नाही, कारण त्याच्या मते हेवी मेटलचा जन्मच पत्र्याच्या कारखान्यात झाला. ही कथा तो ट्रक भरणाऱ्या माथाडींनाही सांगतो. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम शहर. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी मशिनीखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मुलगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपली म्हणून घरी बसला, तेव्हा कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि सांगितलं, हा माणूस दोन बोटं निकामी असताना वाजवतोय. मग पोराने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज निघाला. १९७० साली 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम आला.

माथाडी सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "मग भरपाई किती मिळाली त्याला?"

यावर त्याच्याकडे उत्तर नसतं.

त्याची कालगणना १९८६ पासून सुरू होते. त्या वर्षी 'मेटॅलिका'चा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला, 'स्लेयर'चा 'रेन इन ब्लड' आला, 'मेगाडेथ'चा 'पीस सेल्स' आला, मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला आणि तो स्वतः जन्मला. शेवटची घटना तो नम्रपणे हळू आवाजात सांगतो. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून 'मेटॅलिका'चा बेसवादक क्लिफ बर्टन गेला, आणि तिथून पुढे त्याच्या हिशेबी कलियुग.

अंतरही तो अल्बममध्येच मोजतो. 'मास्टर ऑफ पपेट्स' पंचावन्न मिनिटांचा, 'रेन इन ब्लड' जेमतेम एकोणतीस. पनवेलला गाडीत बसून दोन्ही लागोपाठ लावले की सीएसएमटी येतं. "पपेट्स संपला आणि कुर्ला नाही आलं, तर समजा गाडी लेट आहे." इंडिकेटरपेक्षा हे खात्रीचं आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

१९८६ नंतरच्या अल्बमवरची त्याची मतं म्हणजे फौजदारी निकालपत्रं. १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल': "गाणी उत्तम, पण बेस कुठाय? नवीन बेसवाला घेतला आणि मिक्सिंगमध्ये त्याला पुरला. नवीन सुनेला एवढं छळत नाहीत!" १९९१ चा काळ्या कव्हरचा: "लग्नात वाजू शकतो. यापेक्षा वाईट काय बोलणार?" १९९६ चा 'लोड': "केस कापले. पुढचं विचारू नका." आणि २००३ चा 'सेंट अँगर' निघाला की त्याच्यातला स्टील मार्केट जागा होतो. या अल्बममध्ये गिटारची सोलो नाहीत आणि स्नेअर ड्रमचा आवाज डबा बडवल्यासारखा येतो, अशी जगभरची तक्रार आहे. हा त्याही पुढे जातो. "डबा नाही काका. अठरा गेजचा पत्रा, गॅल्व्हनाइज्ड. रोज कानावर पडतो माझ्या. त्यासाठी पैसे देऊन सीडी कशाला घेऊ?"

घरात मात्र त्याचं फार चालत नाही. ज्या दिवशी आईच्या हाती 'भयानक मौत' असं छापलेलं तिकीट लागलं, त्या दिवशी त्या माउलीने देवासमोर निरांजन लावून ठेवलं. तो मुंबईतला बँड आहे, पोरं शिकलेली आहेत, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. तर्जनी आणि करंगळी वर करून शिंगं दाखवायची ती खूणही तिला अभद्र वाटायची. शेवटी त्याने खुलासा केला, की ही खूण लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, आणि तो ती शिकला त्याच्या इटालियन आजीकडून. आजी नजर लागू नये म्हणून ती करायची. आई एकदम निवळली. "म्हणजे दृष्ट काढतात होय रे हे लोक? मग मीठ-मोहऱ्या का नाही घेत?" तेव्हापासून तो कॉन्सर्टला निघाला की आई दारात उभी राहून स्वतःच शिंगं दाखवते.

पुढे २०१७ मध्ये मुंबईच्याच 'डेमॉनिक रिझरेक्शन'ने 'दशावतार' नावाचा अल्बम काढला: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. हे घराणं मूळचं तळकोकणातलं, दशावतारी नाटकांच्या मुलखातलं. वडिलांनी हेडफोन लावून वराहापर्यंत मजल मारली आणि अभिप्राय दिला, "संकासुर बरा गातोय. देव कधी येतात?" बायकोचं मत आणखी व्यावहारिक. त्याच बँडचा गायक साहिल मखीजा यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' चालवतो आणि कीटो आहाराच्या पाककृती दाखवतो. तिला त्याचं गाणं पाच मिनिटंही सोसत नाही. पनीर मात्र त्याच्याच पद्धतीने होतं.

आता कॉन्सर्ट. धोबी तलावच्या रंगभवनाचं नाव काढताना हा कानाच्या पाळीला हात लावतो. सेंट झेवियर्सच्या शेजारचं ते उघडं थिएटर, तिथला 'इंडिपेंडन्स रॉक', तिथली धूळ, तिथली घोषणाबाजी, सगळं डोळ्यांपुढे उभं करतो. एकदाच चौकशी केली तेव्हा कळलं, की शांतता क्षेत्राच्या नियमापायी रंगभवन बंद पडलं तोवर याला घरून रात्रीची परवानगीच मिळाली नव्हती. पण १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात 'आयर्न मेडन'च्या जगदौऱ्याची सुरुवात झाली, तेव्हा तो कठड्याला पोट टेकून उभा होता. २०११ च्या ऑक्टोबरात 'मेटॅलिका' बंगळुरूला आली तेव्हा कळंबोलीच्या मॅकडोनाल्ड्ससमोरून रात्रीची बस पकडून गेला. १९८६ नंतर त्यांचं नाव टाकलंय ना, असं मी विचारलं. "काका, टाकलेल्या नातेवाइकाच्या लग्नालाही जावंच लागतं."

मुंबईतल्या छोट्या गिगची गोष्ट निराळी. अंधेरी, खार, लोअर परळ, कुठेही असो, मुख्य बँड स्टेजवर चढायला आणि पनवेलची शेवटची गाडी सुटायला एकच गाठ पडते. वडाळ्याला बदलायचं म्हणजे आणखी आधी निघायला हवं. त्यामुळे वर्षानुवर्षं याने फक्त सुरुवातीचे बँड पाहिलेत. 'स्क्राइब'चे 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगॅम्बो' हे दोन्ही अल्बम तोंडपाठ. प्रत्यक्षात मात्र ते वाजवणार म्हणून गेलेल्या रात्री त्याने त्यांची वायर जोडताना एक झलक पाहिली आणि स्टेशन गाठलं. यातून त्याने सिद्धांतच काढलाय: खरा दर्दी पहिल्या बँडसाठी जातो, मुख्य बँडसाठी पर्यटक येतात. या सिद्धांताचा उगम मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात आहे, हे त्याला कोणी सांगायला जात नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' आले. त्या रात्री हा ऑफिसच्या कामावरून हार्बर लाइनने परतत होता. नेरूळला गर्दीचा लोंढा आत शिरला, आणि अंगावर 'कॅनिबल कॉर्प्स'चा टी-शर्ट असलेल्या याला एका गोड मुलीने विचारलं, "कसा होता ना शो? रडलात का तुम्ही?" मानसरोवरपर्यंत त्याला शब्द फुटला नाही. घरी येऊन आंघोळ केली म्हणतात.

नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा सोसायटीत एकच विषय होता, फ्लॅटचा भाव किती चढणार. हा वेगळ्याच हिशेबात. 'आयर्न मेडन'चा गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही आहे; २००८ च्या दौऱ्यात बँडला घेऊन उडणारं विमान तो स्वतः चालवत होता. "काका, ते जर इथे उतरले, तर उलव्याहून माझं घर किती लांब?" सेक्रेटरींनी ऐकलं आणि पाहुण्यांच्या पार्किंगचा नियम पुन्हा वाचून दाखवला.

गेल्या लग्नसराईत विचुंब्याच्या बाजूला हळद होती. आगरी हळद म्हणजे बेंजो आलाच. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी खिडक्यांची तावदानं थरथरत होती. सेक्रेटरींना तक्रार करायची होती, पण पुराव्यासकट. आवाजाचे नियम सोसायटीत एकालाच पाठ: निवासी भागात रात्री दहानंतर पंचेचाळीस डेसिबल. रंगभवनाच्या दुःखातून आलेलं ज्ञान. तेव्हा मोबाइलवर मोजणीचं ॲप घेऊन त्याला पाठवलं, आणि सोबतीला मला.

मांडवाच्या तोंडाशी पोचलो. दोन ड्रम, ऑक्टोपॅड, ताशा आणि मध्ये पंचविशीतला एक पोरगा मांडीवर बेंजो घेऊन. टाइपरायटरसारख्या बटणांचं हे मूळ जपानी वाद्य. आपल्याकडे त्याला वीज जोडली आणि त्याचा स्वभाव पालटला. पोराची डावी बोटं बटणांवर दिसेनाशी झालेली, उजव्या हातातली पट्टी तारांवर सुटलेली. आवाज फाटत होता, पण सूर सुटत नव्हता. ड्रमवाल्याने लय दुप्पट केली. मोबाइल धरलेला याचा हात हळूहळू खाली आला. मान हलायला लागली. मग खांदे. मग तो सगळाच. हळदीने माखलेल्या दोन काकांनी त्याला मधे घेतलं, आणि काळ्या टी-शर्टावर पिवळे पंजे उमटले.

गाणं थांबल्यावर तो तडक बेंजोवाल्यापुढे उकिडवा बसला. "भाऊ, डिस्टॉर्शनला काय वापरता? प्रोसेसर कुठला?"

"कसला प्रोसेसर, दादूस. स्पीकर फाटलाय."

हा माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं. "काका, हा माणूस १९८६ चा आहे."

"२००० चा हाय मी," बेंजोवाला म्हणाला. "पन दादूस, हलद कदी हाय तुमची?"

"माझं लग्न झालंय. मुलगा आठ वर्षांचा आहे."

"मंग नंबर घेऊन ठेवा. सुपारीचं बोलू."

त्याने नंबर घेतला. कोणत्या नावाने सेव्ह केला ते मी पाहिलं, पण ते वाचता येत नव्हतं. वर आल्यावर सेक्रेटरी कागद-पेन घेऊन जिन्यातच उभे होते. किती भरला आवाज? हळदीचे हात पाठीमागे लपवत त्याने गंभीरपणे सांगितलं, की एवढ्या खालच्या बेसला मोबाइलचा माइक भरवशाचा नसतो, पुन्हा नीट मोजावं लागेल. आणि पुढची हळद कधी आहे, ते त्याने विचारून ठेवलेलं आहे.