आवाज : निरंक

ज्याच्या हार्ड डिस्कवर ४०,००० गाणी आहेत, त्याला ‘काय ऐकता?’ असं विचारू नये. ‘किती आहेत?’ असं विचारावं. चेहरा फुलतो, चहा येतो. आमच्या सोसायटीतले ऑडिटर काका याच जातकुळीतले. सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झाले आणि त्यांनी गाणी जमवायला घेतली. प्रत्येक गाण्याची वहीत नोंद : नाव, गायक, राग, आकार, दिनांक. एका गाण्याला पाच मिनिटं धरली तरी हा ऐवज अहोरात्र ऐकायला १३९ दिवस लागतील, असं मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “ऐकायचंय कुणाला? साठा आहे.” सरकारी कचेरीत खुर्च्या-कपाटांची जडसंग्रह नोंदवही असते. भीमसेन जोशी, माणिक वर्मा आणि सुधीर फडके तिथं रीतसर जमा झाले होते.

एमपीथ्री म्हणजे मुळातच काटकसरीचा कारभार. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी १९९५ साली ‘.एमपीथ्री’ हे शेपूट मुक्रर केलं. माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही ते आधीच काढून टाकायचं, ही त्यामागची युक्ती. काकांनी एक पाऊल पुढे टाकलं. उरलेलंही ऐकलं नाही.

त्यामुळे गाणी नासली कधी, हे कुणालाच कळलं नाही. कळलं ते सत्यनारायणाच्या पूजेला. काकांनी अभंग लावला. दीडेक मिनिट विठ्ठल विटेवर व्यवस्थित उभा होता. मग एक ‘टक्’ झालं आणि ढोलकी सुरू. थेट लावणी, तीही मधल्या कडव्यापासून. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, पण मान डोलावण्यात खंड पडू दिला नाही. काकू आतून ओरडल्या, “अहो, हे काय लावलंय?” काका शांतपणे म्हणाले, “फाइलचं नाव बरोबर आहे.”

झालं होतं ते असं. काकांना डिस्कची वायर ‘सेफली रिमूव्ह’ वगैरे सोपस्कार न करता उपटायची सवय. एकदा ती डिस्क रुसली. मग गाणी परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर आणलं. फाइल डिस्कवर सलग असतेच असं नाही. जागा मिळेल तिथं तिचे तुकडे बसतात. कुठला तुकडा कुणाचा, ही यादीच खराब झाली की ते सॉफ्टवेअर गाण्याची सुरुवात शोधतं आणि पुढचे तुकडे त्याच गाण्याचे धरून चालतं. आता प्लेअरने तरी अडवावं? पण एमपीथ्रीतलं गाणं साधारण २६ मिलिसेकंदांच्या फ्रेम्समध्ये कापलेलं असतं आणि प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर स्वतःचा शिक्का असतो. प्लेअर पुढचा शिक्का शोधतो, सापडला की वाजवतो. तो कुठल्या गाण्याचा, हे पाहणं त्याच्या कार्यकक्षेत येत नाही.

दुसरा बिघाड याहून सभ्य. ऐन कॉपी चालू असताना वीज जाते. फाइलची लांबी नोंदवलेली असते, आत नुसती शून्यं. आकार पाच एमबी, दिनांक बिनचूक, वाजवलं की शांतता. निधी पूर्ण खर्ची, काम जागेवर नाही. असल्या पुलांवर जन्मभर ताशेरे ओढलेल्या माणसाच्या घरात असे पूल डझनांनी निघाले.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, तो मात्र बिघाड नव्हे. जुन्या आयडीथ्री टॅगला देवनागरी येत नाही आणि नावाला जागाही ३० अक्षरांची. गायकाच्या रकान्यात गाणं जिथून उतरवलं त्या वेबसाइटचं नाव असतं, ते गायकाचं नशीब.

मग तपासणी सुरू झाली. प्रॉपर्टीज उघडून आकार बघणं म्हणजे आवरणपत्र वाचून ऑडिट करणं. खरा उपाय एकच : फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडायची. हे ‘एफएफएमपेग’ करतं. आवाज न करता अख्खं गाणं उलगडतं, शून्यात टाकून देतं आणि सांगितलं तर फक्त चुका लिहितं. काका त्याच्याकडे एखाद्या हुशार कनिष्ठ सहकाऱ्याकडे पाहावं तसं कौतुकानं पाहत होते.

त्यानंतर ‘एमपीथ्रीव्हॅल’ चालवलं आणि शेऱ्यांचा पाऊस पडला. निम्मे शेरे ‘टॅग आढळला नाही’ या गुन्ह्याचे. गाणं ठणठणीत, फक्त ओळखपत्र नाही. आणि पूजेतल्या त्या अभंगावरचा शेरा? प्रवाहात त्रुटी, पुन्हा जुळवणी यशस्वी.

यशस्वी!

या सॉफ्टवेअरला दुरुस्तीही येते. खराब बाइट काढून टाकतं, टोकं जुळवतं, आकडे पुन्हा मांडतं. हरवलेला आलाप कुठून आणणार? पण पुढच्या तपासणीत फाइल निर्दोष ठरते. म्हणजे गाणं दुरुस्त होत नाही, तक्रार दुरुस्त होते. काकांना हे फार पटलं. संध्याकाळपर्यंत सगळी प्रकरणं नस्तीबद्ध झाली.

मी बॅकअपचं विचारलं. होता ना! दर रविवारी सगळं दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवणारा. पहिल्या डिस्कवर गाणं नासलं की त्या रविवारी दुसरीवरचं चांगलं गाणं पुसून त्याने नासकं बसवलं होतं. इतका आज्ञाधारक कर्मचारी काकांना नोकरीत कधी मिळाला नाही.

फ्लॅक नावाचा प्रकार २००१ पासून आहे. त्यातली प्रत्येक फाइल मूळ सुरांचा एमडी५ ठसा पोटात घेऊन फिरते. एक सूर हलला तरी पकडली जाते. एमपीथ्रीत फ्रेमगणिक १६ बिटांची तपासणी ठेवायची सोय आहे, पण ती ऐच्छिक, म्हणून बहुतेक वेळा नाहीच. आणि असली तरी ती फ्रेमचं डोकं आणि लगतची थोडी माहिती तपासते, खुद्द सुरांना हात लावत नाही. मी म्हटलं, काका, निदान नवी गाणी तरी फ्लॅकमध्ये घ्या. काकांनी हिशेब केला : फाइल कितीतरी पट मोठी, म्हणजे तेवढ्याच डिस्कवर गाणी कमी. संख्या घटली तर वरच्यांना काय उत्तर देणार? (वरचे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. काकू वरच्या मजल्यावर होत्या.)

शून्यांनी भरलेल्या गाण्यांची यादी मी त्यांना वाचून दाखवली. त्यातली कुठली परत हवीत? काकांनी बराच विचार केला. त्यातलं एकही गाणं कसं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी वहीत एक नवा रकाना आखला, ‘आवाज’, आणि त्या सगळ्यांपुढे लिहिलं : निरंक. एकूण संख्या अबाधित राहिली.

अभंग-लावणीची ती फाइल मात्र दुरुस्तीतून सुटली, कारण पूजेच्या रात्रीच गुरुजींनी ती व्हॉट्सॲपवर मागून घेतली होती. तिथून ती सोसायटीच्या ग्रुपवर गेली, मग गणेश मंडळाच्या लॅपटॉपवर, मग काकूंच्या भिशीत. परवा मी कुतूहलानं चार ठिकाणच्या प्रतींचा चेकसम काढून पाहिला. चारही जुळले.