लॅगमीमांसा : सरावली खंड

१. प्रयोजन

ताम्रपट, वीरगळ, मोडी दफ्तरे आणि जात्यावरच्या ओव्या यांचा अभ्यास महाराष्ट्रात बऱ्यापैकी झाला आहे. ‘नेट स्लो होतं, नाहीतर मारलाच होता त्याला’ हे ऑनलाइन गेममध्ये हरल्यावर म्हणायचे वाक्य मात्र अद्याप उपेक्षित आहे. बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या तरुणांच्या एका पिढीने हे वाक्य ज्या निष्ठेने उच्चारले, त्या निष्ठेने शुभंकरोतीही म्हटले नसेल. ते खरे की खोटे हा प्रश्न गौण आहे. ते इतके उपयोगी का पडले, एवढाच या प्रबंधाचा विषय.

सर्वसाधारण समज असा की ब्रॉडबँडने घरोघर वेग आणला. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. ब्रॉडबँडने घरोघर आणले ते हरण्याचे प्रतिष्ठित कारण. वेग हा त्यासोबत आलेला, आणि पुष्कळदा न आलेला, आनुषंगिक पदार्थ होय.

२. क्षेत्र आणि काल

सरावली हे बोईसरला खेटून असलेले, जनगणनेने नगर मानलेले आणि कारभार ग्रामपंचायतीकडे असलेले स्थान. अशा स्थानाला नगर म्हणण्यासाठी जनगणना तीन गोष्टी पाहते : लोकसंख्या किमान ५,०००, वस्ती दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरचे. तिसऱ्या अटीची काळजी घ्यायला तारापूर एमआयडीसी शेजारीच होती. औषधे, रसायने, पोलाद, कापड; आणि या सगळ्यावर फिरणाऱ्या तीन पाळ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे या प्रबंधातले बहुतेक पराभव ठाणे जिल्ह्याच्या खाती जमा आहेत, हे सुरुवातीलाच नोंदवतो.

कालनिश्चिती तुलनेने सोपी आहे. ऑक्टोबर २००४ च्या केंद्रीय ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, असे ठरवले. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ या नावाने सेवा सुरू केली. २००७ च्या आरंभी वेग २ मेगाबिट‘पर्यंत’ गेला. या ‘पर्यंत’वर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकेल. सरकारी व्याख्या मात्र २०१३ पर्यंत २५६ वरच ठाम होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि आद्यकाल संपला.

या काळातील घरगुती अवशेष पुढीलप्रमाणे : असेंबल्ड संगणक, त्यावर सणासुदीलाच निघणारे प्लॅस्टिकचे कव्हर, फोन आणि इंटरनेट वेगळे करणारा काडेपेटीएवढा स्प्लिटर, आणि ह्युवेई किंवा यूटीस्टारकॉमचा मोडेम. मोडेमवर हिरवे दिवे. एडीएसएलचा दिवा स्थिर असेल तर लाइन जुळली, लुकलुकत असेल तर जुळते आहे. पत्रिका पाहावी तसे जाणकार हे दिवे पाहत आणि निदान सांगत. निदान बहुतेक वेळा एकच असे : ‘पुढून प्रॉब्लेम आहे.’ पुढे म्हणजे कुठे, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

३. तिसरी पाळी

त्या काळच्या बहुतेक प्लॅनना महिन्याची डेटामर्यादा असे आणि ती ओलांडली की दर एमबीला पैसे लागत. अमर्याद प्लॅनही होता, पण तो नऊशे रुपयांचा, आणि वेग २५६ चाच. मध्यमवर्गीय घराने यातून मार्ग काढला तो काही प्लॅनमध्ये असलेल्या एका कलमाने : रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा, हिशेब नाही.

हे कलम देशभर होते. परंतु ते सरावलीइतके अन्यत्र कुठेही अंगवळणी पडले नसावे. कारण एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांची पाळी सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात अशी चाले. घरात एक माणूस रात्रपाळीला गेलेला असणे ही इथे नित्याची गोष्ट. त्यामुळे वडील बॉयलरपाशी आणि मुलगा मॉनिटरपाशी, अशी एकाच घराची दुहेरी रात्रपाळी निर्माण झाली. भेद इतकाच की वडिलांना रात्रपाळीचा भत्ता मिळे.

या पाळीचे आचारधर्म कडक होते. घरचे घड्याळ आणि हिशेब ठेवणारे घड्याळ एकच वेळ दाखवेल याची खात्री नसल्याने २ वाजून ५ मिनिटांनी कनेक्ट करावे आणि ७ वाजून ५५ मिनिटांनी तोडावे, असा संकेत होता. स्पीकर बंद, हेडफोन कानावर, खोलीत अंधार. ‘हेडशॉट’ पुटपुटण्यापुरताच घसा वापरावा. मम्मी पाण्याला उठलीच तर मॉनिटरचे बटण दाबावे. सीपीयूचा पंखा घरघरत राही, पण त्याचे खापर फ्रिजवर फोडता येई. सकाळी साडेसातला पप्पा डबा हलवत घरी येत आणि मुलाला जागा पाहून म्हणत, ‘आज लवकर उठलास?’ या प्रश्नाला दिलेले सर्व होकार एकत्र केले, तर बोईसर परिसर हा ब्राह्ममुहूर्ती अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आगर ठरेल. दहावी-बारावीच्या निकालांत मात्र तसा पुरावा सापडत नाही.

येथे एक गणित आवश्यक आहे. २५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. सहा तासांचे सेकंद २१,६००. गुणाकार केल्यास एका रात्रीत, लाइन एकदाही न तुटता, सुमारे ६७५ एमबी उतरतात. सीडीची क्षमता ७०० एमबी. म्हणजे आदर्श परिस्थितीतही एक सीडीभर गेम एका रात्रीत पुरता उतरत नाही; साडेतीन टक्के उरतात. ‘९६ टक्क्यांवर अडकलंय’ हा त्या काळचा आक्रोश काहींना दैवी कोप वाटला, तो प्रत्यक्षात भागाकार होता.

४. त्रिविध लॅग

आता मुख्य विषयाकडे. खेळाडूने बटण दाबल्यापासून सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंतचा काळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. पिंग वाढला की बंदूक उशिरा उडते, शत्रू जागच्या जागी चालतो आणि मग एकाएकी आपल्या मागे प्रकटतो. ही अवस्था म्हणजे लॅग. सांख्यांनी तापांचे जे तीन प्रकार सांगितले तेच लॅगला तंतोतंत लागू पडतात, आणि सांख्यांनी काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा गेम खेळलेला नसताना हे साधले, ही गोष्ट भारतीय दर्शनांविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

अ) आधिभौतिक लॅग : हा अन्य जीवांमुळे होतो. यात उंदीर (वायर कुरतडणारा), जेसीबी (रस्ता खोदणारा) आणि बहीण (दुसऱ्या खिडकीत गाणी उतरवणारी) हे प्रमुख. एडीएसएल ही सेवा तांब्याच्या फोनतारेवरून चाले, आणि एक्स्चेंजपासूनचे अंतर जसे वाढे तसा संकेत क्षीण होई. जोडांवर पाणी, वर खाडीकाठची खारी हवा. तारेत खरखर फार असेल तर दुरुस्ती सोपी जावी म्हणून डेटा विस्कटून, थांबत थांबत पाठवण्याची सोय या तंत्रात होती. तिने चुका कमी होत, पण पिंग वाढे. रेल्वेचेही तसेच : २०१३ पर्यंत डहाणूला लोकल नव्हती, शटल होती, आणि ती बाजूला उभी करून एक्स्प्रेस पुढे काढत. सरावलीचा डेटा त्याच शटलमधून जात होता असे समजावे. मुंबई इथून सुमारे शंभर किलोमीटर. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे त्याला मुंबई गाठायला अर्धा मिलिसेकंद पुरतो. बाकीचे सारे मिलिसेकंद घरापासून एक्स्चेंजपर्यंतच खर्च होत. लांबच्या प्रवासात स्टेशनला पोहोचायलाच वेळ लागतो, हा अनुभव बोईसरकरांना नवा नव्हता.

आ) आधिदैविक लॅग : हा निसर्ग, वीज आणि समुद्र यांच्यापासून होतो. जून ते सप्टेंबर या काळातला पाऊस त्यात स्वाभाविकच अग्रभागी. विजेची कथा अधिक विचारप्रवर्तक आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. तिथल्या ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये, म्हणजे ब्रॉडबँडच्या जोडीनेच, सुरू झाल्या. आणि तीच वर्षे महाराष्ट्रातल्या भीषण भारनियमनाची. एका दिशेला अणू फुटत होता आणि त्याच्या उशाला काउंटर-स्ट्राइक बंद पडत होते. यावर उपाय म्हणून यूपीएस आला. परंतु असंख्य घरांत संगणक यूपीएसवर आणि मोडेम भिंतीतल्या साध्या सॉकेटवर, अशी रचना आढळते. परिणामी वीज गेल्यावर खेळाडू जिवंत, बंदूक भरलेली, मैदान समोर, आणि जगाशी संबंध तुटलेला. यूपीएस वीस मिनिटे टिंटिं करत या अवस्थेला साथ देई.

समुद्राचे उदाहरण एकच, पण जागतिक. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. सरावलीने या घटनेचे सोने केले. मुंबईतल्या सर्व्हरवर, पालघरच्या प्रतिस्पर्ध्याकडून झालेला पराभवही अलेक्झांड्रियाच्या नावे नोंदवला गेला. देशातला डेटा देशातच फिरावा म्हणून २००३ मध्येच निक्सी ही व्यवस्था उभी राहिली होती, हे त्या वेळी कोणी सांगायला गेले नाही, आणि सांगितले असते तरी ऐकले गेले नसते. केबल जोडल्यावरही कित्येक महिने इजिप्त दोषी राहिला.

इ) आध्यात्मिक लॅग : हा स्वतःमुळेच होतो. मागे चालू ठेवलेले आपलेच डाउनलोड हा त्याचा स्थूल प्रकार. सूक्ष्म प्रकार शरीरातच आहे. डोळ्याला काही दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद, म्हणजे अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. पहाटे चारला, डोळे चुरचुरत असताना, त्याहून अधिक. थोडक्यात, शंभर मिलिसेकंदांच्या पिंगवर संतापणारा खेळाडू स्वतः अडीचशेच्या पिंगवर चालत होता. या तिसऱ्या प्रकाराचा एकही नोंदलेला नमुना प्रस्तुत लेखकाला आढळला नाही. घटना विपुल, कबुलीजबाब शून्य.

५. पूर्वपक्ष

पहिला आक्षेप : ब्रॉडबँडपूर्वी सायबर कॅफेत मुले एकाच खोलीत, एकाच लॅनवर खेळत. तिथे पिंग नगण्य. मग तिथे हरणारे काय म्हणत? उत्तर : ‘माऊस खराब आहे.’ त्या काळच्या माऊसमध्ये रबरी गोळी असे आणि तिच्या रोलरवर मळाची पट्टी बसे. चार नंबरच्या पीसीचा माऊस खराब असतो हे सर्वमान्य होते, आणि हरणारा नेहमी चार नंबरलाच बसलेला असे. त्याही आधी गल्लीत ‘पहिला बॉल ट्रायल’ होता, कॅरममध्ये पावडर कमी पडली होती. परंपरा जुनीच. पण माऊस तपासता येतो, पावडर टाकता येते. लॅग ही पहिली सबब जी समोरच्याला पुरती पडताळता येत नव्हती. ब्रॉडबँडची क्रांती ती हीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : लॅगमुळे माणूस हरतोच असे नाही, जिंकतोही. हे खरे आहे. काउंटर-स्ट्राइक ज्या हाफ-लाइफवर उभे आहे, त्यातल्या एका युक्तीविषयी व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये शोधनिबंध वाचला. गोळी झाडणाऱ्याचा पिंग जितका, तितका काळ सर्व्हर मागे नेतो आणि त्या क्षणी शत्रू कुठे होता ते पाहून निकाल देतो. त्यामुळे रडतखडत चालणाऱ्या लाइनवाल्याची गोळीही लागते. मात्र जो मरतो, तो त्याच्या स्वतःच्या पडद्यावर केव्हाच भिंतीआड गेलेला असतो. तो सुरक्षित जागी, भूतकाळात मारला जातो. ‘मी भिंतीमागे होतो रे!’ ही त्याची तक्रार अक्षरशः खरी असते, आणि मारणाऱ्याचे ‘मला तर दिसलास’ हेही. एकाच गोळीची दोन सत्ये असू शकतात हे जैनांनी स्याद्वादात सांगितले. सरावलीला ते रात्री साडेतीनला कळले.

तरीही सिद्धान्ताला बाध येत नाही. कारण ‘लॅगमुळे जिंकलो’ असे विधान कोणत्याही पाळीत केलेले आढळत नाही. विजय स्वकष्टार्जित असतो, पराभव वारसाहक्काने येतो.

६. सिद्धान्त आणि शिफारशी

यावरून पुढील नियम मांडता येतो : कोणत्याही वस्तीत हरण्याच्या कारणांची एकूण बेरीज कायम राहते. एक कारण आटले की दुसरे त्याची जागा घेते. आज फायबर घरापर्यंत आले आहे, तांबे गेले, उंदराचा प्रभाव ओसरला. मुंबईच्या सर्व्हरवर हरताना इजिप्तचे नाव घेतले तर लहान मुले हसतात. २०१८ मध्ये पबजी मोबाईल आल्यापासून पराभवाचे खाते ‘टीममेट नूब होता’, ‘फोन गरम झाला’ आणि ‘समोरचा हॅकर होता’ या तीन शीर्षांखाली लिहिले जाते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्या खेळावर बंदी घातली तेव्हा अनेकांना अखेर एक सरकारी, लेखी आणि राजपत्रित दर्जाचे कारण मिळाले. पण ते न खेळण्याचे होते, हरण्याचे नव्हे, म्हणून येथे ग्राह्य धरलेले नाही.

सबब तीन शिफारशी. एक : ज्यांच्या घरी पिंग दहाच्या खाली गेला आहे त्यांनी माळ्यावरचा जुना स्प्लिटर भंगारात देऊ नये, वेळप्रसंगी बोट दाखवायला काहीतरी असावे. दोन : रात्रपाळीहून परतणाऱ्या वडिलांनी ‘लवकर उठलास?’ हा प्रश्न विचारणे चालू ठेवावे, कारण त्यात घराची शांतता आहे. तीन : वरील तिन्ही लॅगांपासून मुक्त झालेल्या खेळाडूने कोणाशीही समोरासमोर बसून बुद्धिबळाचा डाव मांडू नये. तिथे पिंग शून्य असतो.