पाऊण किलो रुबाब

सोलापुरात सगळेच मालक. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक भजीवाल्याला मालक म्हणतं आणि भजीवाला दारात आलेल्या वसुलीवाल्यालाही ‘या मालक, बसा’ म्हणूनच गार करतो. मग ज्याच्या नावावर खरोखरच चार प्लॉट आहेत, त्याने काय करावं? एके काळी हातातलं सोन्याचं कडं पुरायचं. पुढे कडी सगळ्यांच्याच हातात आली, तेव्हा पांढरी चारचाकी घ्यावी लागली. आता आसरा चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तर पांढऱ्या गाड्यांचीच मिरवणूक दिसते. म्हणून जुळे सोलापुरात एक नवा प्रकार निघाला आहे : कमरेला काहीतरी असलेले मालक.

प्रत्येक कॉलनीत असा एक असतो, आमच्याकडेही आहे. आजोबा गिरणी कामगार, वडिलांचे पूर्व भागात चार यंत्रमाग आणि यांचं स्वतःचं ‘प्लॉटिंग’. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा आजोबा गोऱ्या शिपायांपुढे रिकाम्या हातांनी उभे राहिले होते, हे मालक अभिमानाने सांगतात. नातवाला मात्र विजापूर रोडला दुधाची पिशवी आणायला जातानासुद्धा रिकाम्या कमरेने जाववत नाही.

तसा मालकांना धोका कुणापासून, हे कॉलनीला कधी कळलं नाही. चोर म्हणावेत, तर आमच्याकडे पाणी येतं ते काही दिवसांआड, आणि कोणत्या रात्री किती वाजता ते फक्त चावीवाल्याला ठाऊक. पाण्याच्या रात्री सगळी गल्ली मोटारी लावून जागी असते आणि बिनपाण्याच्या रात्री पाणी येईल या आशेने जागी असते. या भागात यायला चोराला मुहूर्तच सापडत नाही.

पण परवान्याला धोका लागतो. शहरात शस्त्राचा परवाना पोलिस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्जात शस्त्र कशासाठी हवं ते लिहावं लागतं आणि मग पोलिस ठाण्यातून चौकशी होते. नावावर गुन्हे असतील तर अडचण आणि कुणी शत्रूच नसेल तरीही अडचण. मालकांची अडचण दुसऱ्या जातीची होती. पन्नाशीपर्यंत त्यांनी सगळ्यांशी गोड बोलून प्लॉट विकले होते. शत्रू शोधण्यासाठी त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या. शेवटी ज्याच्याशी बांधावरून वीस वर्षं कुरबुर चालू आहे, त्या शेजाऱ्यालाच फोन लावला.

“तुमच्यापास्नं आमच्या जिवाला धोका हाय म्हणून लिवतो. चालंल का?”

“लिवा की मालक. पण रविवारी पोरीच्या साखरपुड्याला यायचंय, तेवढं ध्यानात ठिवा.”

कागद वाढत गेले. २०१६च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षित कसं हाताळावं याच्या प्रशिक्षणाचा दाखला मागितला आहे, आणि शरीराबरोबर डोकं ठिकाणावर असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्रही. डॉक्टरांनी विचारलं, “झोप नीट लागते का?” मालक म्हणाले, “पाणी येतं त्या दिवशी नाही.” डॉक्टर जुळे सोलापुरातलेच असावेत. त्यांनी मान डोलावून सही केली.

अर्ज गेल्यावर मालक निवडीला लागले. पहिली पसंती अर्थात सिनेमातली होती : काळंकुळकुळीत नऊ एमएम. पण हा बोअर प्रतिबंधित. तो फौजेसाठी आणि पोलिसांसाठी, प्लॉटिंगवाल्यांसाठी नाही. दुसरी पसंती विलायती. खाजगी माणसासाठी आयातीचं दार १९८०च्या दशकातच बंद झालं. तेव्हापासून जुनी विलायती रिव्हॉल्वरं या हातातून त्या हातात फिरतात आणि त्यांचा भाव असा चढला आहे, की तो ऐकून मालकांना पहिल्यांदाच प्लॉट घेणाऱ्यांची कीव आली.

उरली देशी. सरकारी कारखान्यांची तीन नावं पुढे आली. ‘निडर’ : पश्चिम बंगालमधल्या इशापूरचं, बावीस बोअरचं, वजन जेमतेम पाव किलो. ‘निर्भीक’ : कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली काढलेलं, बत्तीस बोअरचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, बाजारात आलं तेव्हाच किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. आणि ‘प्रबल’ : २०२३ सालचं, तेही कानपूरचंच आणि बत्तीस बोअरचंच, पण याचं सिलिंडर बाजूला उघडतं. आधीच्या रिव्हॉल्वरांना गोळ्या भरताना मधोमध मोडावं लागतं. ‘प्रबल’चं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, सहा गोळ्या भरल्या की पाऊण किलो.

‘निर्भीक’ मालकांच्या मनात भरलं होतं. पण ते स्त्रियांना पर्समध्ये ठेवता यावं म्हणून काढलेलं, असं मालकीणबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर विचारलं, “मग मलाच घ्या की. भाजी आणायला रोज मीच जाते.” ‘प्रबल’च्या बातम्यांतही बायकांच्या पर्सचा उल्लेख होता, पण तेवढा भाग मालकांनी दोन बोटांनी झाकून वाचला.

तरी न वापरता ठरवायचं कसं? परवाना हातात पडेपर्यंत रिव्हॉल्वर मिळत नाही. होल्स्टरला मात्र कसलाच परवाना लागत नाही, त्यामुळे कातडी होल्स्टर आधीच येऊन पडलं होतं. मालकांनी डोकं लढवलं. शेंगाचटणीच्या तीन पुड्या मापून बांधून घेतल्या : पाव किलो, अर्धा किलो आणि पाऊण किलो. आणि एकेक पुडी कमरेला लावून जुळे सोलापुरात फिरायला सुरुवात केली.

पाव किलोची कुणाला दखलच नाही. खुद्द मालक ती विसरले आणि मालकीणबाईंनी पँट तशीच धुवायला टाकली. ‘निडर’ बाद झालं.

अर्ध्या किलोने एका लग्नाच्या पंगतीत घात केला. मांडी घालून बसल्यावर पुडी बरगडीत घुसली आणि मालक एका अंगाला कलून जेवू लागले. वाढप्याने जिलबी वाढता वाढता आपुलकीने विचारलं, “मालक, गळू झालंय का काय?” त्या क्षणी ‘निर्भीक’ही बाद झालं.

पाऊण किलोची गोष्ट निराळी. पट्टा दर दहा पावलांवर घसरे, उजवा हात अंगापासून वीतभर लांब राही, पायऱ्या चढताना मालक आपोआप संथ होत. थोडक्यात, चालण्यात वजन आलं. सैफुल भागातल्या पानाच्या टपरीवर दोघं उठून उभे राहिले. रिव्हॉल्वर कोणतं घ्यायचं याचा निर्णय तिथेच झाला; त्यात नळीच्या लांबीचा आणि नेमाचा काही संबंध नव्हता.

फक्त दिवस मे महिन्याचे होते आणि शेंगाचटणीला तेल सुटतं. दुपारी मालक गाडीतून उतरले तेव्हा पांढऱ्या शर्टावर कमरेपाशी तांबडा डाग पसरला होता. कुणीतरी ओरडलं, “मालकांना लागलं बे!” संध्याकाळपर्यंत मालकांवर हल्ला झाल्याची बातमी होटगी रोडपर्यंत पोचली. मालकांनी ती दोन दिवस नाकारली नाही. कपडे धुणाऱ्या बाईंनी मात्र त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, “रगत कुठलं? लसणाचा वास यायलाय त्याला.”

खरा पेच पुढेच होता. परवाना आला, पुण्याच्या दुकानातून ‘प्रबल’ आलं, त्याच्याबरोबर नियमही आले. सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. बाहेर काढून मिरवायला सक्त मनाई, तसं केलं तर परवाना धोक्यात. म्हणजे लाखाच्या वर रुपये मोजून घेतलेली वस्तू कुणाला दिसता कामा नये! कडं दाखवता येतं, गाडी दाखवता येते आणि ही मात्र झाकायची. मालकांना आयुष्यात पहिला खरा धोका जाणवला तो सरकारकडून.

ते शिंप्याकडे गेले. शिंपी अनुभवी. त्याने टेप गळ्यात टाकून शांतपणे विचारलं, “मालक, किती दिसायला पायजे?”

“दिसायला नको. कायदा हाय.”

“बरं. मग किती कळायला पायजे?”

त्या मापाने शिवलेले शर्ट मालक हल्ली घालतात. उजव्या बाजूला दोन बोटं सैल. कपडा कायद्याला धरून सगळं झाकतो आणि फुगवटा मालकांना धरून सगळं सांगतो. शिवाय बोलताना कमरेवर हात ठेवायचा, बसताना “आधी हे जरा...” असं अर्धवट पुटपुटायचं आणि कुणी “काय ते?” विचारलंच तर “काय नाय” म्हणून गॉगल चढवायचा. न दाखवता दाखवण्याची ही कला त्यांनी इतकी कमावली आहे, की परवा गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत ते नुसते खुर्चीत सावरून बसले, तर चिटणिसाने देखभाल खर्चाचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला.

घरी मालकांचं राज्य उंबऱ्यापाशी संपतं. नियमाप्रमाणे हत्यार गोळ्या काढून कुलपात ठेवायचं. कपाट मालकीणबाईंचं, किल्ली त्यांच्या कनवटीला. गोळ्या वेगळ्या डब्यात, तो डबा माळ्यावर, माळ्याला शिडी लागते आणि शिडी शेजाऱ्याची : तोच तो, ज्याच्यापासून मालकांच्या जिवाला धोका आहे. उद्या चोर आलाच तर त्याला बसवून चहा द्यावा लागेल, शेजाऱ्याला उठवावं लागेल, आणि शिडी धरायला बहुधा चोरालाच सांगावं लागेल.

सासुरवाडी इंडीला, म्हणजे विजापूर जिल्ह्यात. हा परवाना महाराष्ट्रापुरता. टाकळीपाशी भीमा ओलांडली की संपला. त्यामुळे ज्या एकाच ठिकाणी मालकांना रुबाबाची खरी गरज आहे, तिथे ते रिकाम्या कमरेने जातात. मेहुणे “काय जावईबापू, मोकळेच?” म्हणून विचारतात. मालक राज्यांच्या सीमावादाला दोष देतात.

पुतण्याच्या वरातीत पोरांनी गळ घातली, “काका, एक हवेत होऊन जाऊ द्या!” मालकांनी ताठ मानेने नकार दिला. २०१९च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेला असा गोळीबार गुन्हा ठरला आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं मालकांनी कलमासकट सांगितलं. खरं कारण घरात माहीत आहे. प्रशिक्षणाला गेले तेव्हा पहिल्या बारालाच कानावर हात गेले होते, आणि दोन्ही हात कानावर असले की नेम धरायला तिसरा लागतो.

सुगीचे दिवस म्हणजे निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि अनेकांना हत्यार पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. इतर परवानाधारक कुरकुरतात. मालक पहिल्या दिवशी रांगेत उभे. कारण जमा केल्यावर पावती मिळते. रिव्हॉल्वर झाकावं लागतं, पावती झाकायचा नियम कुठेही नाही! तिची रंगीत प्रत खिशात घालून ते भेटेल त्याला म्हणतात, “आमचं जमा हाय सध्या. इलेक्शन संपू द्या, मग बघू.” काय बघणार ते त्यांनी सांगितलेलं नाही. निवडणुकीचे ते दीड-दोन महिने त्यांची कंबर हलकी असते आणि दरारा सर्वांत जड.

या सगळ्या रुबाबापुढे न नमणारा माणूस आमच्या भागात एकच : पाण्याचा चावीवाला. मालकांची गल्ली वाहिनीच्या शेवटच्या टोकाला. तिथे पाणी पोचायला व्हॉल्व्ह दोन आटे जास्त फिरवावा लागतो आणि ते दोन आटे चावीवाल्याच्या मर्जीवर. एका पाण्याच्या रात्री मालक पाऊण किलो लावून, शर्ट सावरून त्याच्यासमोर उभे राहिले. त्याने टॉर्च फुगवट्यावर मारला, मग मालकांच्या तोंडावर मारला आणि म्हणाला, “मालक, तसलंच लोखंड माझ्याकडंबी हाय. चार फुटांचं. आणि मी ते रोज वापरतो.” मालकांनी त्याला वाकून ‘मालक’ म्हटलेलं गल्लीने ऐकलं.

म्हणून ज्यांना छोटं रिव्हॉल्वर घ्यायचं आहे त्यांना एवढंच सांगणं : बोअर, वजन, किंमत मागाहून बघा, आपल्याला भीती नक्की कशाची वाटते, ते आधी ठरवा. जिवाला खरोखर धोका असेल तर रीतसर परवाना काढा, नेम शिका आणि झाकून ठेवा. भीती लोक आपल्याला ओळखणार नाहीत एवढीच असेल, तर तेवढ्या पैशांत गच्चीवर भलीमोठी टाकी बसते. तिला परवाना लागत नाही, निवडणुकीत ती जमा करावी लागत नाही, झाकायची तर झाकणापुरतीच, आणि जुळे सोलापुरात ती लांबूनसुद्धा सगळ्यांना दिसते.