अपक्षाची सही

१९९५ ला महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेनेचे ७३, भाजपचे ६५, बेरीज १३८. बहुमताला हवे १४५. मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं ते अपक्षांच्या सह्यांवर. आणि या अपक्षांत काँग्रेसचे बंडखोर किती तरी! तिकीट नाकारलं म्हणून अर्ज भरलेले, काँग्रेसच्याच घरात वाढलेले. मतदाराने घरचा माणूस निवडला आणि त्याच्या सहीने सरकार आलं ते समोरच्यांचं. सही करण्याआधी त्या मतदाराला विचारलं होतं का?

इंदापूरचे हर्षवर्धन पाटील त्याच लाटेतले. १९९५, १९९९, २००४, तिन्ही वेळा अपक्ष म्हणून लढले, तिन्ही वेळा जिंकले. युतीच्या सरकारात मंत्री झाले, आघाडीच्याही. पुढे पक्षांची चिन्हं आली. २००९ आणि २०१४ ला काँग्रेस, २०१९ ला भाजप, २०२४ ला शरद पवारांची राष्ट्रवादी. या चार लढतींत विजय एकच, २००९ चा. मला हा हिशेब फार बोलका वाटतो. इंदापूरने तीनदा एका माणसावर विश्वास टाकला होता, कुठल्या झेंड्यावर नव्हे.

अपक्षाला मत देणं सोपं नसतं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. मग उरलेल्या थोड्या दिवसांत कपबशी की शिट्टी हे वाडीवस्तीवरच्या म्हातारीपर्यंत पोचवायचं. कार्यकर्ते राबतात, लोक चिन्ह लक्षात ठेवतात, यंत्रावर शोधून बटण दाबतात. एवढ्या कष्टाने दिलेलं मत निकालाच्या रात्री परस्पर कुणाच्या तरी बंगल्यावर पोचतं, याचा मला संताप येतो.

कायदा इथे अर्धवट आहे. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष निवडून आल्यावर पक्षात शिरला, तर त्याची आमदारकी जाते. हरियाणात २००४ ला ती खरोखर गेली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. पण पाठिंब्याचं पत्र द्यायला, मंत्रिपद घ्यायला कसलीच आडकाठी नाही. दारातून आत जायला बंदी, ओसरीवर संसार थाटायला मोकळीक!

पाठिंबा देऊच नये असं मी म्हणत नाही. एकटा आमदार सभागृहात किती बोलणार? तालुक्याचं पाणी, रस्ता मिळवायचा तर कुणाशी तरी जोडून घ्यावंच लागतं. पण ते सांगून करा.

२०२४ ला अपक्ष उरले दोनच, एक जुन्नरचा, एक चंदगडचा. महायुतीकडे स्वतःच्या २३० जागा. आज अपक्षाच्या सहीवर सरकार अडलेलं नाही, म्हणून ही रीत पाडायला हीच वेळ बरी. प्रत्येक अपक्षाने प्रचारपत्रकावर एक ओळ छापावी: सरकार अडलं तर मी कुणाला हात देईन, कुणाला मुळीच देणार नाही. लोक ती वाचतील. नवं चिन्ह ओळखून घ्यायला त्यांनी ते पत्रक उघडलेलंच असतं.