चावायचं न्हाई!

चॉकलेटची वडी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, उजव्या हाताची तर्जनी वर करायची आणि ओठ जेमतेम उघडून समोरच्याला दम भरायचा, "चावायचं न्हाई!" हा गृहस्थ कोण, हे सांगत बसायला नको. तो तुमच्याही गल्लीत आहे. आपण त्याला अण्णा म्हणू; गडहिंग्लजच्या बाजारपेठेत ही हाक मारली तर निदान पाचजण वळून बघतील, म्हणजे कुणा एकाच्या अब्रूला धक्का नको. अण्णांचा मुलगा पुण्यात असतो. एका दिवाळीला त्यानं समुद्री मीठ भुरभुरलेलं काळं चॉकलेट आणलं आणि अण्णांचं पूर्वायुष्य तिथं संपलं. तोवर चॉकलेट म्हणजे रावळगावची गोळी. मराठीत लिमलेटपासून एक्लेअरपर्यंत सगळ्याला चॉकलेटच म्हणतात आणि ते दाढेखाली कडाकडा फोडायचं असतं, यावर गावाचं एकमत होतं. अण्णा त्या मताचे अग्रणी. आता तेच अण्णा वडी मोडताना 'टक्' असा आवाज येतो का ते कान लावून ऐकतात, हुंगतात, जिभेवर ठेवतात आणि वाट बघतात. "यायलंय... यायलंय..." यायलंय ते मीठ. शेवटी ते "आलं!" म्हणून डोळे उघडतात, तोवर समोरच्या मिरचीच्या व्यापाऱ्यानं आपला तुकडा गिळून, बोटं रुमालाला पुसून, "एवढंच व्हय?" असं विचारलेलं असतं.

माझं म्हणणं असं की अण्णा चॉकलेट खात नाहीत आणि मीठही खात नाहीत. ते अंतर खातात. पुरावा वेष्टनावरच आहे. मीठ फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं आहे, हे त्यावर छापलेलं वाक्य अण्णा आधी मोठ्यानं वाचतात, मगच वडी मोडतात. वाक्य वाचायचं राहिलं तर चव येत नाही. आता गडहिंग्लजहून आजरामार्गे आंबोली घाट उतरला, सावंतवाडी ओलांडली की शिरोडं लागतं. तिथली मिठागरं जुनी आहेत. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हावर सोडायचं आणि तळाशी धरलेलं मीठ ओढून पांढरे ढीग घालायचे, हा तिथला धंदा. मे १९३० मध्ये तिथं मिठाचा सत्याग्रह झाला, माणसांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. पण शिरोड्याचं मीठही समुद्राचंच आहे, असं अण्णांना सांगितलं की ते डोळे न मिटताच निकाल देतात, "ते लोणच्याचं." शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ शिकवणारे वि. स. खांडेकर पुढं कोल्हापूरला आले आणि कोल्हापूरकरांनी त्यांना आपलं म्हटलं. मिठाच्या नशिबी तेवढं आलं नाही. नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण आपण इतकी वर्षं माणसांविषयी आहे असं समजत होतो. ती मिठाविषयीच आहे.

गंमत म्हणजे ज्या फ्रेंच मिठावर अण्णांचा जीव जडला आहे, त्याच्या गोडीमागंही मिठाचा कर आहे. जुन्या फ्रान्समध्ये राजा मिठावर जबर कर घ्यायचा, ब्रिटनी हा समुद्रकाठचा प्रांत मात्र त्यातून सुटलेला होता. तिथं मीठ स्वस्त, म्हणून लोण्यात सढळ हातानं पडायचं आणि खारं लोणी हीच तिथली रीत झाली. त्याच प्रांतात, किबरों नावाच्या गावी, आंरी ल रू या मिठाईवाल्यानं १९७७ साली खाऱ्या लोण्याचं कॅरमेल केलं; साखर-मिठाची आजची सगळी जागतिक फॅशन त्या कढईपर्यंत मागं नेता येते. म्हणजे जिथं कर नव्हता तिथलं मीठ मिठाईत गेलं, आणि जिथं होता तिथली माणसं तुरुंगात गेली. हे वेष्टनावर छापत नाहीत. छापलं असतं तर अण्णांनी तेही मोठ्यानं वाचलं असतं, इतका प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे.

यावर अण्णांच्या बाजूनं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: ते मीठ वेगळंच असतं. मिठागरात पाण्यावर, दुधावर धरते तशी, पातळ साय धरते. ती तळाला बसायच्या आत अलगद काढली की हलके, ठिसूळ पापुद्रे मिळतात. चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतं, असतं ते कोकोचं लोणी. त्यात मीठ विरघळत नाही, त्यामुळं खडा जसाच्या तसा बसून राहतो. हे लोणी साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणजे तोंडात गेलं की सुटलंच. ते सुटलं की आतला खडा जिभेवर उघडा पडतो. चावलं तर सगळं एकदमच संपतं. तेव्हा 'यायलंय' आणि 'आलं' या दोन आरोळ्यांमध्ये खरोखर काहीतरी घडत असतं; अण्णा थाप मारत नाहीत. शिवाय १९९७ साली ब्रेस्लिन आणि बोशाँ या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की मीठ कडूपणा दाबतं आणि तो दबला की दडलेला गोडवा वर येतो. काळं चॉकलेट मुळात कडू. तेव्हा वर मीठ टाकणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

पण मग हा शहाणपणा नवा कुठला? पुरणपोळीच्या कणकेत, उकडीच्या मोदकांच्या पारीत, शिऱ्यात, तांदळाच्या खिरीत चिमूटभर मीठ पडतंच. घातलं नाही तर गोड 'मचूळ' लागतं, हे सांगायला अमेरिकेतून कुणी यावं लागलं नव्हतं. कटाच्या आमटीत गूळ आणि मीठ एकाच पातेल्यात नांदतात. दिवाळीतल्या फुटबॉल स्पर्धेत घामाघूम झालेला गडहिंग्लजचा पोरगा मध्यंतराला लिंबू सरबत मागतो, त्यात साखरही असते आणि मीठही. आणि लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी तर हगवणीवरचा उतारा. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच साखर-मिठाच्या पाण्यावर कॉलऱ्याची माणसं जगवली. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात. अण्णांचं चॉकलेट हे त्या पाण्याचं श्रीमंत भावंड आहे, असं त्यांना सांगून बघा. ते तर्जनी वर करतील.

खरा फरक वेगळाच आहे. घरच्या पुरणपोळीतलं मीठ विरघळलेलं असतं आणि अण्णांच्या वडीवरचं मीठ वर बसलेलं असतं. विरघळलेल्या मिठाला कुणी विचारत नाही. आपल्या पंगतीत मिठाचं नाव दोनदाच निघतं, कमी पडलं की आणि जास्त पडलं की. बेताचं पडलं तर ते नसल्यासारखंच. अण्णांच्या घरी चाळीस वर्षं पुरणपोळी होते आहे. त्या चाळीस वर्षांत एकदाही पोळी जिभेवर ठेवून डोळे मिटल्याचं किंवा "आलं!" असं ओरडल्याचं ऐकिवात नाही. तर्जनी तेव्हाही वर व्हायची, पण ती "तूप वाढ" अशा अर्थानं. मीठ घालणाऱ्या बाईनं ते कणकेत न घालता पोळीवर पापुद्रे करून मांडलं असतं आणि पोळीला वेष्टन घालून त्यावर आपल्या माहेरच्या गावाचं नाव छापलं असतं, तर कदाचित लक्ष गेलं असतं.

तर 'चावायचं न्हाई'. हा हुकूम अण्णा सगळ्यांना सोडतात: खेळून आलेल्या पोरांना, दुधवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. एकही जण पाळत नाही. ज्या गावात भडंगाच्या मुठी आणि शेंगदाणे चावण्यात लहानपण गेलं, तिथं दातांना एकाएकी सुट्टी कशी देणार? तो हुकूम तंतोतंत पाळला तो एकट्या नव्वदीच्या आजीनं. तिला दात नाहीत. तीही डोळे मिटून बसली, बराच वेळ चघळलं आणि म्हणाली, "मीठ पडलंय की रे ह्यात." पावसाळ्यात तर आणखी पंचाईत. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी धरतं. बरणीत तांदळाचे दाणे टाकायची रीत त्यासाठीच. फ्रेंच मिठाला या नियमातून सूट नाही. वडीवर घामाचे थेंब येतात, एरवी चॉकलेटवर पांढुरकी झाक चढते आणि वहिनी बुरशी समजून ती खरवडायला घेतात. म्हणून अण्णा चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवतात, लसणाच्या चटणीशेजारी. कोकोचं लोणी शेजारचा वास चटकन उचलतं. परिणामी अलीकडं अण्णांना चॉकलेटमध्ये "धुराची एक छटा" जाणवू लागली आहे.

दुसरा आक्षेप असा की कुणी काय आणि कसं खावं यावर टिंगल करायचा अधिकार निदान कोल्हापूर जिल्ह्याला नाही. हेही मान्य. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून जिथं सोयरिकी ताणल्या जातात, तिथं मिठाच्या एका खड्यानं काय बिघडतं? शिवाय चव घेणारी माणसं हा इथला जुना पेशा आहे. गुळाचा रवा बघून, कण जिभेवर टेकवून भाव सांगणारे, आणि हिवाळ्यातल्या सौद्यात संकेश्वरी मिरची मोडून, हुंगून, बी हलवून तिची जात-कुळी काढणारे व्यापारी आपल्याकडं आहेत. पण त्यांची जीभ पैशाला बांधलेली असते. चव चुकली की खिशाला चाट. अण्णांची जीभ मोकळी आहे, चुकली तरी काही बुडत नाही. मला आधी वाटायचं हा त्यांचा उणेपणा. आता वाटतं, ज्या चवीतून एक पैसा सुटत नाही तिच्यासाठी साठीला आलेला माणूस पाच-पाच मिनिटं डोळे मिटून बसतो, हे त्या मिरचीच्या सौद्याहून काही कमी नाही.

आणि नाइलाजानं आणखी एक कबूल करायला हवं. अण्णा एकटे कधीच खात नाहीत. खरा चोखंदळ माणूस दार लावून खातो. अण्णा तळहाताएवढ्या वडीचे चौदा तुकडे करतात, त्यातला सगळ्यात लहान स्वतःला ठेवतात. न चावता खायचं म्हणजे समोरच्यानं दोन मिनिटं गप्प बसून राहायचं. घर तसं रिकामंच असतं. मुलगा सहा महिन्यांनी येतो, दोन दिवस राहतो, रात्रीच्या गाडीनं जातो आणि जाताना वडी टेबलावर ठेवतो. ती पुढच्या खेपेपर्यंत पुरवायची असते. अण्णा अंतर खातात असं मी वर म्हटलं ते मागं घेत नाही. फक्त ते फ्रान्सचं आहे असं धरून चाललो होतो, ते पुण्याचं निघालं. चावलं तर ते लवकर संपतं.

एवढं सगळं त्यांच्या पदरात घातल्यावरही शिरोड्याच्या मिठाबाबत अण्णा चुकताहेत, आणि पुरणपोळीबाबत तर फारच.